चार टक्के आई

रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा अजून हातात असताना, वैजयंतीबाई बर्वे यांना कळलं की त्या आपल्या पोटच्या मुलीच्या फक्त चार टक्के आई आहेत.

अहवाल सलीलच्या टॅबवर आला होता. सलील हा त्यांचा थोरला मुलगा. वीस वर्षांपासून अमेरिकेत, कोलंबस शहरात. दहा वर्षांपूर्वी त्याने आईवडिलांना कायमचं आपल्याकडे आणलं होतं. त्याने अहवाल आधी मनातल्या मनात वाचला, घसा साफ केला आणि मग मोठ्याने वाचला. अर्जदार, आई, वैजयंती मुकुंद बर्वे, वय सदुसष्ट. जिच्यासाठी अर्ज ती मुलगी, ऋचा मुकुंद बर्वे, वय एकोणचाळीस, अविवाहित, राहणार मिरज. दोघींमधला सहवास चार टक्के. मंजुरीसाठी लागणारा सहवास बारा टक्के.

"यंत्र बिघडलं असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या. "नऊ महिने पोटात वागवली, ती काय चार टक्के?"

मुकुंदरावांनी थरथरणाऱ्या हातातला चमचा कसाबसा बशीत ठेवला. पार्किन्सनने त्यांचे हात नेले होते आणि आता बोलणंही न्यायला घेतलं होतं. ऋचाला अमेरिकेत आणण्यासाठीचा अर्ज भरताना, नऊ वर्षांपूर्वी, त्यांची सही जुळेना म्हणून तो वैजयंतीबाईंच्या नावाने भरला गेला होता. डोळे मात्र त्यांचे शाबूत होते आणि ते बायकोकडे लागले होते.

त्या घरात कुणाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती, कारण गेली पाच वर्षं तिथली मराठी मंडळी भेटली की दुसरं काही बोलतच नसत. वाचणाऱ्याला मात्र सांगायला हवं.

माणसाच्या तोंडात आणि आतड्यांत जिवाणूंच्या शेकडो जाती नांदतात. जाती बहुतेकांकडे त्याच असतात, पण एकेका जातीत पुष्कळ पोटभेद असतात आणि ते माणसागणिक बदलतात. एका छताखाली राहणारी, एका ताटात जेवणारी, एकमेकांचे पापे घेणारी माणसं हे पोटभेद नकळत एकमेकांना देत असतात. बाळाला त्यांची पहिली शिदोरी आईकडून मिळते. पुढे ते ज्यांच्यात राहील त्यांची शिदोरी हळूहळू पहिलीची जागा घेते. दोन माणसांच्या थुंकीत किती पोटभेद सामाईक आहेत हे मोजलं, की ती एकत्र राहतात की नाही आणि साधारण किती काळ, हे सांगता येतं. साथीचा रोग कुणाकडून कुणाकडे गेला ते शोधणाऱ्यांनी ही युक्ती काढली होती.

इमिग्रेशन खात्याला ती आयतीच मिळाली. २०३८ सालापर्यंत जन्मदाखले, लग्नाचे फोटो, वाढदिवसांचे व्हिडिओ, हे सगळं कुणीही बसल्या जागी संगणकाकडून बनवून घेऊ लागलं होतं, इतकं हुबेहूब की खऱ्या कागदांवरही कुणाचा विश्वास उरला नव्हता. डीएनए खोटा करता येत नव्हता. पण डीएनए रक्त सांगतो, कुटुंब सांगत नाही, असं खात्याचं म्हणणं पडलं. कुटुंब म्हणजे जे एकत्र नांदतात ते. मग सहवासमापक आला. मराठी मंडळात त्याला सगळे उष्ट्याची मशीन म्हणत आणि हसत, जोवर आपला नंबर लागत नाही तोवर.

आता यात न्याय कुठला, हे कुणी सांगावं. नऊ वर्षं आईला एका खंडात आणि मुलीला दुसऱ्या खंडात रांगेत उभं करायचं, आणि रांग संपली की विचारायचं, तुम्ही जवळ का नाही. वकीलबाई सोनल पारेख यांनी हाच मुद्दा तीन वेगळ्या कुटुंबांसाठी अपिलात मांडला होता आणि तिन्ही वेळा त्या हरल्या होत्या. तरी त्या कुटुंबांचे आकडे सात, आठ, नऊ असे काहीतरी होते. चार कुणाचाच नव्हता.

दुपारभर वैजयंतीबाई त्या चारावर विचार करत राहिल्या. खरं तर उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्या दहा वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ काविळीने गेला होता. तो रोज त्यांच्याच ताटात जेवायला बसायचा. कावीळ आधी त्यांना झाली होती आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. घरात कुणी तसं बोललं नाही, पण त्या पोरीने जे समजायचं ते समजून घेतलं. पुढे स्वतःचा संसार थाटला तेव्हा प्रत्येकाचं ताट, वाटी, भांडं वेगळं, त्यावर नाव घातलेलं. पाणी वरून प्यायचं. एकाच्या चमच्याला दुसऱ्याने तोंड लावायचं नाही. अडीच वर्षांच्या ऋचाने एकदा चावलेला पेरू आईच्या तोंडाशी धरला होता आणि आईने मान वळवली होती. पोर हिरमुसली, हे त्यांनी पाहिलं होतं. पण पोर जगली, वाढली, एक दिवस तिला दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. आता तीच काळजी यंत्राच्या हिशेबी परकेपणा ठरली होती.

अहवालाला दुसरं पान होतं, ते सलीलने वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. खात्याने मिरजेच्या त्या घरात राहणाऱ्या सगळ्यांचे नमुने घेतले होते. हौसाबाई माने, वय शहात्तर. ऋचाशी सहवास एकतीस टक्के. खाली शेरा होता, मुलीचं प्रत्यक्ष कुटुंब.

हौसाबाई म्हणजे खानावळवाल्या बाई, एवढंच वैजयंतीबाईंना माहीत होतं. आईवडील अमेरिकेला गेल्यावर एकोणतीस वर्षांच्या ऋचाने मिरजेत स्टेशनजवळ त्या बाईंच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. ऋचा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. सकाळी डबा, रात्री जेवण खालच्या खानावळीत. पुढे बाईंना अर्धांगवायू झाला आणि खानावळ बंद पडली. ऋचा फोनवर कधीतरी सांगायची, मावशींना बरं नाही, मावशींना डॉक्टरकडे नेलं. वैजयंतीबाई हूं म्हणायच्या आणि फाइल कुठवर आली ते सांगायला लागायच्या.

मिरजेत पहाट असेल याचा विचार न करता त्यांनी लगेच फोन लावला आणि कशी आहेस वगैरे काही न विचारता आकडा सांगितला.

ऋचा मग म्हणाली, "आई, त्यांना एकटीला जेवण जात नाही. एक घास त्यांना, एक मला, असं केलं तरच खातात. त्यांना दुसरं कुणी नाही."

"एकाच ताटात? त्यांचं उष्टं?"

"सात वर्षं झाली."

वैजयंतीबाईंना मत्सर वाटला. चांगला सरळसरळ मत्सर, सदुसष्टाव्या वर्षी, एका पांगळ्या म्हातारीचा. आणि त्या मत्सराच्या पोटात दुसरं एक दुखणं होतं. या फाइलसाठी ऋचाने लग्न केलं नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला त्या रांगेत जागा नव्हती. कोल्हापूरचा एक चांगला मुलगा दोन वर्षं थांबला होता आणि मग थांबला नाही. आपण मुलीला एकटं टाकून आलो आणि वर तिला एकटंच राहायला लावलं, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच ती एकदाची इथे यावी, मुकुंदरावांची ओळख पुरती पुसण्याआधी चौघांनी एका टेबलाशी बसावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

सोनल पारेख यांनी एक वाट सांगितली. नमुना पुन्हा एकदा देता येतो, सहा महिन्यांनी, आणि तो शेवटचा. तोवर आईने मिरजेला जाऊन मुलीबरोबर राहावं, एका ताटात जेवावं. सहा महिन्यांत आकडा बाराच्या वर जाऊ शकतो. मात्र मुलीने त्या दुसऱ्या बाईंशी जेवणाखाणाचा संबंध पूर्ण तोडायला हवा, नाहीतर आईची शिदोरी रुजणारच नाही. सहा महिन्यांच्या परवान्यावर वैजयंतीबाई निघाल्या. मुकुंदरावांसाठी सलीलने ग्रेस नावाची घानाहून आलेली एक सेविका दिवसभरासाठी ठेवली. निघताना मुकुंदरावांनी बायकोचा हात धरला, पण हात त्यांच्या इच्छेने हलतोय की आजाराने, हे वैजयंतीबाईंना सांगता आलं नसतं.

मिरजेत पहिल्या दिवशी ऋचाने वरणभात कालवून एकच ताट मध्ये ठेवलं. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. वैजयंतीबाईंनी डोळे मिटून पहिला घास घेतला.

"आई, एरंडेल पाजल्यासारखं तोंड नको करूस," ऋचा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आठवडाभर घास घशात अडकायचा. मग अडकेनासा झाला. ऋचाला भात आसट लागतो, लोणच्यातली फोड ती शेवटपर्यंत बाजूला ठेवते, जेवताना ती डावा पाय हलवत बसते, हे सगळं वैजयंतीबाईंना आता कळत होतं. आपल्याच मुलीची ही ओळख इतक्या उशिरा व्हावी याची त्यांना लाज वाटली, आणि तरी ते दिवस सुखाचे होते हे त्या नाकारत नसत. एकदा त्यांनी विचारलं, तुला तिकडे यायचंय ना गं. ऋचाने ताटातल्या भाताकडे पाहत सांगितलं, आधी यायचं होतं, मग तू म्हणत होतीस म्हणून यायचं होतं, आता मला नीट सांगता येत नाही. वैजयंतीबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

हौसाबाईंचं मात्र बिनसलं होतं. ऋचाने वकिलांचं म्हणणं तंतोतंत पाळलं. ती खाली जाऊन दारातूनच बोलायची. भरवायला एक पगारी बाई ठेवली होती. ती प्रामाणिक होती, पण हौसाबाई तिच्यापुढे तोंड मिटून घ्यायच्या. दोन चमचे पेज, बस्स. बारा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. त्या दिवशी ऋचा ताटावर बसली आणि चार घासांत उठली.

दुसऱ्या दिवशी ऋचा कामाला गेल्यावर वैजयंतीबाई ताट घेऊन खाली उतरल्या. खाटेवर एक मोठ्या हाडापेराची बाई सुकून पडली होती. तिने त्यांना निरखून पाहिलं.

"तू व्हय तिची आई," हौसाबाई म्हणाल्या. अर्धं तोंड वाकडं झालेलं, पण शब्द कळत होते. "ने तिला. लेक तुजी हाय. मी आडवी न्हाई यायची. पर येकटीच्यानं घास उतरत न्हाई गं माज्या. चाळीस वरसं मानसांच्या पंगतीत जेवले."

वैजयंतीबाईंनी भाकरी दुधात कुस्करली, एक घास भरवायला हात पुढे केला. हौसाबाईंनी तोंड उघडलं नाही. नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. काय हवंय ते वैजयंतीबाईंना समजलं. ज्या बाईने कावीळ आठवून स्वतःच्या लेकीचा पेरू नाकारला होता, तिने त्या परक्या खाटेवर बसून त्या ताटातला घास आपल्या तोंडात घातला. मग दुसरा हौसाबाईंच्या. अर्धी भाकरी गेली. त्यानंतर त्या न्हाणीत गेल्या आणि चार वेळा खळखळून चूळ भरली.

इथेच चूक झाली. चूळ भरली की उष्टं संपलं, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं. आणि तपासायचं आहे ते ऋचाला, आपल्याला कोण तपासतंय, असं त्यांनी गृहीत धरलं. वकिलांना विचारलं नाही. ऋचाला कळलं तर ती कामाला दांडी मारून स्वतःच भरवायला बसेल, म्हणून तिलाही सांगितलं नाही. पगारी बाईला गप्प राहायला सांगितलं. ऋचाला वाटलं, मावशी अखेर त्या बाईच्या हातचं खायला लागल्या, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

रोज सकाळी आणि रोज दुपारी, पाच महिने. खानावळीत कुठली नर्स कुणावर रुसून उपाशी निजायची, कुणाचं लग्न तिथल्या बाकावर ठरलं, हे हौसाबाई सांगायच्या आणि वैजयंतीबाई ऐकत ऐकत जेवायच्या. पुढे पुढे चूळ भरायचीही आठवण राहिली नाही.

नमुने गेले. तीन आठवड्यांनी सोनल पारेख पडद्यावर आल्या, तेव्हा आई आणि मुलगी शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईचा ऋचाशी सहवास सोळा टक्के. ऋचाने आईचा हात दाबला. पण वकीलबाईंचा चेहरा हसरा नव्हता. यंत्र जोडी तपासतं, त्या म्हणाल्या. नमुना दोघींचा जातो आणि अर्थ दोघींचा लावला जातो. वैजयंती बर्वे यांचा पती मुकुंद यांच्याशी सहवास निघताना एकोणीस होता, आता तेरा. हौसाबाई माने यांच्याशी चोवीस. अर्जदाराचं प्रत्यक्ष कुटुंब मिरज येथे असल्याने तिचं अमेरिकेतलं वास्तव्य संपलं, असं खातं मानतं. परतीचा परवाना गोठवला आहे. आणि अर्जदारच तिथली रहिवासी नसेल तर मुलीचा अर्जही उभा राहत नाही.

ऋचा सावकाश आईकडे वळली. "तू खाली जेवत होतीस?"

वैजयंतीबाईंनी मान हलवली. आता ही रागावेल, असं त्यांना वाटलं. ऋचा आधी हसली, मग तोंडावर ओढणी धरून खूप वेळ रडली. वैजयंतीबाईंना रडू आलं नाही. आपण चोरी केली नाही, खोटा कागद केला नाही, एका उपाशी बाईला जेवू घातलं. याची शिक्षा कुणाकडे मागे घ्यायला सांगायची, ते त्यांना सुचत नव्हतं. यंत्र खोटं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एक शेवटची पळवाट होती. चार महिन्यांनी नवराबायकोचा नमुना पुन्हा द्यायचा. तो बारा किंवा वर आला तर संसार अजून मोडलेला नाही असं धरतात, वास्तव्य परत मिळतं, आणि त्याबरोबर ऋचाची फाइलही. तेरावरून खाली फक्त एक पायरी होती. म्हणून दोघांनी आपापल्या तोंडात आहे ते जपायचं. वैजयंतीबाईंना मिरजेत वेगळं ताट, वेगळी खोली. ऋचाचा नमुना होऊन गेला होता, तेव्हा हौसाबाईंना भरवायला ती मोकळी होती. तिकडे मुकुंदरावांना बंद डब्यातलं अन्न, ग्रेसने हातमोजे आणि मास्क घालूनच भरवायचं, त्यांच्या ताटाला कुणी तोंड लावायचं नाही, मुलानेही नाही. मुकुंदरावांनाच मिरजेला आणावं, असं वैजयंतीबाईंनी सुचवून पाहिलं. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. पार्किन्सनचं औषध सोडणाऱ्या, पोटात बसवलेल्या ज्या पंपावर ते चालत होते, त्याची देखभाल इकडे होणार नव्हती, आणि इतका प्रवास त्यांना झेपलाही नसता.

रोज संध्याकाळी साडेसहाला, तिकडे सकाळचे आठ वाजलेले असताना, वैजयंतीबाई फोन लावून नवऱ्याचा नाश्ता पाहायच्या. पहिल्या महिन्यात ते अर्धा डबा खायचे. दुसऱ्या महिन्यात पाव. तिसऱ्या महिन्यात निळे हातमोजे जवळ आले की ते मान भिंतीकडे वळवायचे. सलील सांगायचा, बाबा हट्टी झालेत. मग म्हणायला लागला, बाबांचं वजन उतरतंय. अट्ठावन्नवरून एकोणपन्नास. डॉक्टर म्हणतात, पुढच्या सोमवारी पोटात दुसरी नळी घालू, खाण्यासाठी.

त्या दिवशी नमुन्याला सव्वीस दिवस उरले होते. ऋचा कामावरून येऊन आईच्या शेजारी बसली होती. पडद्यावर मुकुंदराव दिसत होते, गालफडं आत गेलेली, ओठ घट्ट मिटलेले. ग्रेस समजूत घालत होती, मास्कआडून. वैजयंतीबाईंनी हाक मारली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि नजर परत भिंतीकडे नेली. ते रुसलेले नव्हते, हट्टीही नव्हते. हे तोंड मिटणं वैजयंतीबाईंनी याआधी पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांना कळत होता.

सव्वीस दिवस. तेवढे काढले की त्या विमानात बसून जाऊ शकतील, स्वतःच्या हाताने भरवतील. नळी घातली तर ते सव्वीस दिवस जगतीलही. ऋचाची नऊ वर्षं वाया जाणार नाहीत. हे सगळं त्यांनी मनात एकदा मांडून पाहिलं. मग त्यांनी त्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांच्याच्याने पुढे मांडवेना.

"ग्रेस," त्या आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ते हातमोजे काढ. मास्क काढ. डबा राहू दे. स्वयंपाकघरात भात असेल तो आण, दही घाल, आणि हाताने कालव."

ग्रेस गोंधळली. सलीलसरांनी आणि वकिलांनी काय बजावलंय ते तिने सांगायला सुरुवात केली. वैजयंतीबाई म्हणाल्या, मला माहीत आहे, सरांना मी सांगते.

ऋचाने आईच्या दंडाला हात लावला. "आई, नमुना पुढच्या महिन्यात आहे."

"हो."

"पुन्हा संधी नाही."

"हो गं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुझी नऊ वर्षं मी घेतली. मला माफ करता आलं तर कर. पण मला हे बघवत नाही."

ऋचाने आईच्या दंडावरचा हात काढून तिच्या पाठीवर ठेवला.

ग्रेस भात घेऊन आली. काळेसावळे, जाडसर, कष्टाची सवय असलेले हात. त्यांनी भात चांगला मऊ कालवला. ती मुकुंदरावांकडे घास नेऊ लागली तेव्हा वैजयंतीबाईंनी तिला थांबवलं. आधी तू खा, त्या म्हणाल्या. त्यांच्यासमोर, त्याच ताटातला. मग त्यांना दे. एक तुला, एक त्यांना. रोज असंच. हे सांगताना त्यांचा आवाज नीट राहिला, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. वर्षभरात यंत्र म्हणेल की हा माणूस त्या बाईच्या घरातला आहे, आणि यंत्राचं काही चुकलेलं नसेल.

ग्रेसने घास घेतला. दहीभात तिला आंबट लागला असावा, पण ती हसली आणि मान डोलावली. मुकुंदराव भिंतीवरून नजर काढून तिच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिने दुसरा घास पुढे केला आणि त्यांनी तोंड उघडलं.

ताट संपेपर्यंत वैजयंतीबाईंनी फोन ठेवला नाही. मग त्यांनी सलीलला निरोप धाडला, नमुन्याची तारीख रद्द करायला सांग.